आधी चेहरा, मग आकडा

प्रिय मित्रा,

तुझी यादी मिळाली. जुना अमेरिकन बेसबॉलपटू ख्रिस्टी मॅथ्यूसनची अकरा कार्डं, प्रत्येकासमोर वर्ष, ग्रेड (कार्डाच्या अवस्थेला तपासणाऱ्या कंपनीने दिलेला १ ते १० मधला आकडा) आणि किंमत. पण कार्ड दिसतं कसं, ते एकाही ओळीत नाही. तुझा गोंधळ तिथेच आहे. एकच कार्ड घ्यायचंय, जन्मभर जवळ ठेवायचंय, आणि निवडतोयस आकडे बघून! आधी चेहरा, मग आकडा. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आधी यादी छाटू. क्रॅकर जॅक या अमेरिकन खाऊची दोन्ही कार्डं काढून टाक. लाल पार्श्वभूमी मोहात पाडते, कबूल. पण कागद पातळ असतो. १९१४ची कार्डं खाऊच्या खोक्यातूनच यायची, त्यामुळे पाकाचे डाग ठरलेले, आणि त्या वर्षीचा मॅथ्यूसन तुझ्या बजेटच्या फार पुढे आहे. १९१५चा संच टपालानेही मागवता यायचा, म्हणून ती कार्डं जास्त स्वच्छ मिळतात. तरी पहिलं आणि एकमेव कार्ड म्हणून नको. १९११च्या टी-२०५ या सिगारेट-कार्डांच्या संचाची सोनेरी किनार जराशा घासण्यानेही उडते आणि उडालेली जागा रंगवून विकली जाते. तेही नको.

राहिला टी-२०६ हा संच. सिगारेटच्या पाकिटातून १९०९ ते १९११ या काळात निघालेला. यात मॅथ्यूसन तीन रूपांत आहे: पोर्ट्रेट, पांढरी टोपी आणि गडद टोपी. पोर्ट्रेटला मागणी जास्त म्हणून किंमतही जास्त. १९०५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, सहा दिवसांत तीन शटआउट (समोरच्या संघाला एकही धाव न देता जिंकलेले सामने) टाकणारा माणूस तुला गोलंदाजी करताना बघायचाय की त्याचा चेहरा बघायचाय, हे तुझं तू ठरव. ते मी ठरवणार नाही.

आता मुख्य गोष्ट. ही कार्डं लिथोग्राफीने छापलेली आहेत, एकावर एक रंग चढवत. एखादा रंग केसभर सरकला की ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो, डोळे भुरकट होतात. दहापट भिंग घे आणि ओठ बघ. लाल रंग ओठांच्या रेषेतच बसलाय का? बुबुळं स्वच्छ आहेत का? मग चारही बाजूंची पांढरी किनार बघ. डावीकडे जाड आणि उजवीकडे दोऱ्याएवढी असेल तर ते कार्ड रोज डोळ्यांना खुपणार. मग घड्या. कोपऱ्यातली घडी चालेल, किनारीवरची चालेल, चेहऱ्यावरून गेलेली चालणार नाही. कितीही स्वस्त मिळालं तरी नाही.

म्हणून तुझ्या यादीतला तो ४ ग्रेडचा मॅथ्यूसन मला नको वाटतो. कोपरे चांगले, पण चित्र एका बाजूला ढकललेलं आणि रंग सरकलेला. त्याउलट यादीत तळाला टाकलेला १ ग्रेडचा परत बघ. त्याला १ मिळालाय तो मागच्या बाजूमुळे. कुणीतरी वहीत डिंकाने चिकटवलं होतं, काढताना पाठीचा कागद सुटला. पुढून मात्र रंग ताजे आहेत. ग्रेड देणारे पाठीचेही गुण कापतात, ते त्यांचं काम आहे. तू बघणार पुढची बाजू. लोक म्हणतील, उद्या विकताना काय? १ ग्रेडची सगळी कार्डं एकाच भावात जात नाहीत, देखण्या १ला देखणेपणाचे पैसे मिळतात. मी या बाबतीत हट्टी आहे आणि हट्ट सोडणार नाही. कारण मोठ्या आकड्यामागे धावून घेतलेली कार्डं कपाटात पडून राहतात.

पण चेहऱ्यावर भाळून नकली गळ्यात घेऊ नकोस. भिंगाखाली खालचं तपकिरी नाव बघ. अस्सल कार्डावर अक्षरं सलग शाईची असतात. अक्षरंच बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती आजची छपाई. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मार. निळसर पांढरा चमकला तर कागद नवा, जुना कागद मंद राहतो. तिरक्या उजेडात कार्ड हळूहळू फिरव. दाबून सपाट केलेली घडी तशीच सापडते.

कडा कापून ताज्या केलेली कार्डं जास्त फसवतात. माप साधारण ३६.५ बाय ६६.७ मिलिमीटर, पण नुसत्या पट्टीवर विसंबू नकोस. मुळातच थोडा फरक असतो, आणि पाठीवर अमेरिकन ब्यूटी सिगारेटची जाहिरात असलेली कार्डं तर जन्मतःच अरुंद असतात. चारही कडा एकमेकींशी ताडून बघ. तीन कडा मऊ झालेल्या आणि चौथी ब्लेडसारखी असेल तर कुणीतरी शंभर वर्षांनी कात्री चालवलीय. ग्रेड देणाऱ्या कंपनीने ग्रेडऐवजी नुसतं 'ऑथेंटिक' लिहिलं असेल, तर बहुतेक वेळा याचा अर्थ कार्ड खरं पण छेडछाड झालेलं. ग्रेड दिलेलं कार्ड बंद प्लास्टिकच्या डबीत येतं; त्या डबीवरचा नंबर पीएसए किंवा एसजीसी या ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकून बघ. तिथे फोटो असेल तर हातातल्या कार्डाचा एकेक डाग त्याच्याशी जुळव, कारण डब्याही नकली येतात.

पाठीच्या जाहिरातीत अडकू नकोस. पिडमॉन्ट आणि स्वीट कॅपोरल सर्वांत जास्त सापडतात, तेच घे. ड्रम, ब्रॉड लीफ, उझिट अशा दुर्मीळ पाठींना कितीतरी पट पैसे पडतात आणि चेहरा तोच राहतो. तुला पाठी जमवायच्या नाहीत!

लिलावात बोलीवर खरेदीदाराचा अधिभार लागतो, साधारण २० टक्के. वर टपाल आणि विमा. बजेट ठरवताना हे आधी वजा कर. परत घेण्याची मुदत न देणाऱ्याकडून डबीबाहेरचं कार्ड घेऊच नकोस.

डबीशिवाय घेतलंस तर तंबाखू-कार्डाच्या मापाचंच कव्हर आण. नेहमीच्या मापाच्या कव्हरात हे छोटं कार्ड हलतं आणि कोपरे झिजतात. पीव्हीसीचं प्लास्टिक नको. भिंतीवर लावणार असशील तर उन्हाची भिंत सोडून.

आता यादी परत लिही. किमतीचा रकाना शेवटी, ग्रेडचा त्याच्या आधी. पहिल्या रकान्यात ओठ, डोळे, किनार आणि घड्या. तीनच कार्डं ठेव आणि विक्रेत्यांकडून तिरक्या उजेडातले फोटो मागव. ते आले की मला पाठव, पाठीच्या फोटोसकट.

तुझा,
एक जुना संग्राहक