वाचकांचे प्रश्न : तुकोबांचा दुष्काळ, आनंदीबाईंची पत्रे आणि एक जन्मतारीख

शाळेतील साहित्य, इतिहास आणि थोरांची चरित्रे या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नांचा आशय तेवढा दिला आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. इतिहास शिकवणारे आमचे सहकारी वर्गात ठामपणे सांगतात की, साहित्य म्हणजे कल्पना आणि इतिहास म्हणजे पुरावा. मुलेही हे वाक्य पाठ करून ठेवतात. ही विभागणी मुलांच्या मनात रुजू द्यावी का?
(एक शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर : ही विभागणी वेळापत्रकाच्या सोयीची आहे, त्यापलीकडे तिला फारसा अर्थ नाही. आपण मराठी शिकवता, तेव्हा उदाहरण आपल्याच विषयातले घेऊ. तुकाराम महाराजांचा ‘याति शूद्र वंश केला वेवसाव’ हा अभंग आपल्या परिचयाचा असेलच. संतमंडळींनी विचारले म्हणून, बोलू नये पण आपला शब्द पाळतो, अशा संकोचाने तुकोबा त्यात स्वतःचे चरित्र सांगतात. घरचा व्यापार होता, आईवडील गेले, संसाराने दुःखी झालो, असे सांगत ते त्या ओळीपाशी येतात : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. पुढे लाज वाटू लागली, व्यवसायात तूट येऊ लागली, देवाचे भंगलेले देऊळ नीट करावेसे वाटले, असा क्रम येतो. त्यात अलंकार जवळजवळ नाहीत. दुकानदाराने हिशेब सांगावा तशी ही सांगण्याची रीत आहे, आणि तरीही मराठी कवितेतल्या सर्वांत जड ओळींपैकी एक ओळ याच हिशेबात बसलेली आहे.

आता इतिहासाकडे वळू. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात दुष्काळाने होरपळले. शाहजहानच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशाहनामा’त त्याचे वर्णन केले आहे. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी त्याच सुमारास सुरतेहून आग्र्याला गेला आणि वाटेत दिसलेल्या प्रेतांविषयी त्याने लिहून ठेवले. दरबारी लेखकाला बादशहाचे औदार्यही नोंदवायचे असते, व्यापाऱ्याला वाटेवरचे दिसते. देहूतल्या एका वाण्याच्या घरात त्या दुष्काळाने काय केले, हे मात्र अभंगावाचून कळायला दुसरा मार्ग नाही. इतिहासाच्या तासाला हा अभंग पुरावा म्हणून वाचला, तर त्याच्या काव्यगुणांना काही बाध येत नाही. अभंगावर तारीख नसते, त्यामुळे त्यातला दुष्काळ तो हाच, हे अभ्यासकांनी तुकोबांच्या काळावरून काढलेले अनुमान आहे, आणि तेही मुलांना त्याच शब्दांत सांगावे. अनुमान कसे बांधतात हे एकदा डोळ्यांदेखत घडलेले पाहिले की मुलांना ‘पुरावा’ या शब्दाचा धाक उरत नाही.

आणखी एक गोष्ट सहकाऱ्यांच्या कानावर घालावी. दुष्काळ सुरू झाला ते १६३० हे साल मुले इतिहासाच्या तासाला शिवजन्माचे साल म्हणून घोकतात. शिवनेरी आणि देहू यांत अंतर फार नाही. पण एक धडा या तासाला आणि दुसरा त्या तासाला असल्यामुळे शिवाजी महाराज कोणत्या मुलखात आणि कोणत्या वर्षी जन्मले, याचे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे उभेच राहत नाही. दोन्ही शिक्षकांनी मिळून एखादा जोडतास घेतला, तर वर्षभराच्या वेगवेगळ्या तासांपेक्षा तो अधिक लक्षात राहील.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिने डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर निबंध लिहिला आणि त्यात कादंबरीतले व चित्रपटातले प्रसंग घातले. ‘हे खरे नाही’ असा शेरा मारून शिक्षकांनी गुण कापले. मुलगी हिरमुसली आहे. मग खरे कुठे वाचायचे? आणि कादंबरी वाचूच द्यायची नाही का?
(एक पालक, कराड)

उत्तर : कादंबरी जरूर वाचू द्यावी. आनंदीबाईंचे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते मुख्यतः श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीमुळे, आणि पुढे नाटक व २०१९ चा चित्रपट यांमुळे. तथापि शिक्षकांचा शेरा अगदीच अनाठायी नाही. रात्री दोघांत काय बोलणे झाले, गोपाळरावांच्या मनात त्या क्षणी काय आले, हे कादंबरीकाराने कल्पिलेले असते आणि ते कल्पिणे हे त्याचे कामच आहे. गुण कापण्याऐवजी ‘हे तुला कुठून कळले?’ असा प्रश्न समासात लिहिला असता, तर मुलगी हिरमुसली नसती आणि निबंधही सुधारला असता, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

आनंदीबाईंचे चरित्र शाळेसाठी इतके उपयोगी आहे याचे कारण असे की, ते वेगवेगळ्या अंतरांवरून सांगितले गेले आहे आणि हे सारे थर आज हाताशी आहेत. ठळक तपशील पक्के आहेत : जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना, नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह, चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या काही दिवसांत दगावलेले. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

हा झाला सांगाडा. त्याच्या सर्वांत जवळचा थर म्हणजे त्यांचे स्वतःचे शब्द. अमेरिकेला जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथे (हे बंगालमधले, आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यातले नव्हे) त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. आपण का जात आहोत, येथेच राहून का शिकत नाही, परत आल्यावर जातीने बहिष्कार घातला तर काय, असे लोक विचारीत असलेले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि परत येऊन हिंदू म्हणूनच राहू, हेही त्यांनी तेथे सांगितले. वक्त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. आपल्या मुलीपेक्षा फार तर तीन-चार वर्षांनी मोठ्या.

त्यानंतर पत्रे. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात, आपण मला चांगले वागवले की वाईट, हे ठरवणे कठीण आहे, असे आनंदीबाई लिहितात. अंतिम हेतू पाहता ते योग्य म्हणावे लागेल, पण लहान मुलाच्या मनावर होणारा परिणाम पाहता ते चूकच होते, असा त्यांचा निवाडा आहे, आणि पुढे दहाव्या वर्षी खाल्लेला लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची दिलेली धमकी, असा वर्षांनिशी तपशील आहे. हे लिहिणारी व्यक्ती त्याच माणसाचे ऋणही मानते. ‘पत्नीला शिकवणारा उदार पती’ आणि ‘पत्नीचा छळ करणारा विक्षिप्त पती’ या दोन तयार साच्यांपैकी एकातही हे पत्र बसत नाही. मला विचाराल तर नववीच्या मुलीला कळणार नाही असे त्यात काही नाही. उलट मोठ्यांनाच ते वाचताना अडखळायला होते.

तिसरा थर काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या चरित्राचा. ते १८८९ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झाले. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र त्याच्याही आधी, १८८८ मध्ये आले होते. काशीबाईंचे पुस्तक वाचताना हे लक्षात ठेवावे की त्या स्वतः लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या होत्या. एका शिकू पाहणाऱ्या स्त्रीने दुसरीविषयी लिहावे, तेव्हा कोणत्या गोष्टीवर ती रेंगाळते आणि कोणती पटकन उरकते, हे पाहणे हाच एक धडा आहे. कादंबरी या सगळ्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी येते.

निबंधासाठी एक सूचना. ‘आनंदीबाईंनी अनेक रुग्णांची सेवा केली’ हे वाक्य मुलांच्या वह्यांत हमखास आढळते, आणि त्याला आधार नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण त्या परतल्या त्याच आजारी अवस्थेत आणि कामावर रुजू होण्यापूर्वीच गेल्या. ‘भारतातील पहिली स्त्री डॉक्टर’ असे लिहितानाही, त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या, हे पुढच्या वाक्यात यावे. पदवीनंतर दीर्घकाळ प्रत्यक्ष रुग्णसेवा केलेल्या मराठी स्त्रीविषयी लिहायचे असेल, तर डॉ. रखमाबाई यांचे चरित्र घ्यावे. त्यांनी सुरत आणि राजकोट येथे वर्षानुवर्षे काम केले.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या जुन्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा दिला आहे, मुलांच्या पुस्तकात १६३० चा. आजोबांचे पुस्तक चुकीचे म्हणायचे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांप्रमाणे ते लिहिलेले होते. बखरींतून शके १५४९, वैशाख ही मिती मिळत असे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १६२७ येते. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडील सालवार नोंदींची जुनी यादी, प्रसिद्ध केली. त्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष उलटलेले असल्यामुळे येथे एकोणऐंशी मिळवावे लागतात, म्हणून १६३०. कवींद्र परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यातही फाल्गुन १५५१ हीच मिती मिळाली आणि जुन्या मताचे वजन कमी झाले. पुष्कळ वादानंतर राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. काव्याने तारखेचा निकाल लावायला हातभार लावला, हे पहिल्या पत्रातील इतिहासशिक्षकांनाही आवडावे!

आजोबांचे पुस्तक टाकू नका. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा प्रारंभच इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होतो, पण परीक्षेच्या धांदलीत ती प्रकरणे टिपांपुरती उरतात. घरात दोन पिढ्यांची दोन पुस्तके शेजारी ठेवली, तर तोच भाग मुलांना पाच मिनिटांत समजतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या गावात ज्यांनी शाळा सुरू केली, त्या गुरुजींवर मला प्रकल्प करायचा आहे. त्यांच्यावर पुस्तक नाही आणि इंटरनेटवरही काही सापडत नाही. कसे करू?
(एक विद्यार्थी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : पुस्तक नाही हे तुझ्या पथ्यावरच पडले आहे, कारण उतरवून काढण्याजोगे काही नाही. मुख्याध्यापकांना विनंती करून शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहा. पहिल्या पानावर पहिल्या विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख आणि दाखल झाल्याची तारीख असेल; मुली कोणत्या वर्षापासून दिसू लागतात तेही पाहा. जुनी रजिस्टरे बहुधा फाटकी असतात, म्हणून शिक्षकांसमोरच उघड. नंतर गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्या निदान दोन व्यक्तींना वेगवेगळे भेट आणि दोघांना तेच प्रश्न विचार. त्यांनी सांगितलेले जुळले नाही, तर एक खोडून दुसरे ठेवू नकोस. कोणी काय सांगितले ते नावानिशी लिही, मात्र नाव छापण्यापूर्वी त्यांची परवानगी घे. कोणी गुरुजींची पत्रे किंवा जुना गटफोटो दाखवला, तर फोटोतल्या माणसांची नावे त्याच वेळी लिहून घे, कारण ती सांगू शकणारे थोडेच उरलेले असतात. ‘गुरुजी लहानपणापासूनच अत्यंत हुशार होते’ हे वाक्य, ते प्रत्यक्ष कोणी सांगितल्याशिवाय, प्रकल्पात घालू नकोस.