जादू दार दाखवते, कडी मुलांनी काढायची

मुलांसाठी जादूची कादंबरी लिहायला घेतलेल्या वाचकांचे हे प्रश्न. कादंबरी ज्याच्यासाठी आहे तो वाचक 10 ते 13 वर्षांचा, कथेत दोन जिवलग सवंगडी आणि घरात दडवलेली एक गोष्ट, हे सगळ्यांचं सारखंच आहे. अडलेल्या जागा मात्र वेगवेगळ्या आहेत.

माझ्या कादंबरीत अकरा वर्षांच्या मुलीला आजोळच्या वाड्यात एक आरसा सापडतो. त्यात पन्नास वर्षांपूर्वीचं घर दिसतं आणि आजीला एक धाकटी बहीण होती, हे तिला समजतं. पाच प्रकरणं झाली, आता गाडी पुढेच जात नाही. – एक वाचक, सांगली

आरशाने सगळं सांगून टाकलं, म्हणून गाडी अडली. आरशात मावशीआजी दिसली की नातीला करायला काम उरत नाही, ती नुसती प्रेक्षक होते. जादूने पुरावा आणून द्यावा, अर्थ मुलांनी लावावा, आणि पहिल्यांदा चुकीचा लावावा. आरशात माणूस दाखवू नका, पंगत दाखवा. घरात माणसं चार आणि पानं पाच. पाचवं पान कोणाचं? मुलगी म्हणेल पाहुण्याचं, मैत्रीण म्हणेल नैवेद्याचं. दोघी चुकतात आणि कथा चालू लागते.

पण त्याआधीचं एक काम राहून गेलेलं दिसतं. गुपित आधी कोऱ्या कागदावर, जादूचा एकही शब्द न वापरता, मोठ्यांच्या भाषेत लिहून काढा. दोनशे शब्द पुरे, पण साल हवं. उदाहरणार्थ: 1971 मध्ये धाकटीने घरच्यांना न पटलेलं लग्न केलं. वडिलांनी तिचं नाव घेणं बंद केलं. तिची पत्रं येत राहिली. थोरलीने ती उघडली नाहीत, पण जाळलीही नाहीत. यातलं शेवटचं वाक्य म्हणजे तुमची कादंबरी, बाकी सगळा मालमसाला.

मग त्याच कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहून पुढे टिपा: याला पूर्ण माहीत आहे, अर्धं आहे, की चुकीचं? आणि हा गप्प का? ‘कोणी विचारलं नाही म्हणून’ हे कारण चालत नाही. मामाला एक फोन केला की उलगडा होणार असेल, तर चलाख वाचक बाराव्या पानावर तो फोन मनातल्या मनात लावतो. म्हणून मामाला चुकीचं माहीत असू दे. त्याला लहानपणीच सांगितलंय, मावशी तापाने गेली. तो मनापासून खोटं बोलेल, आणि तेच सगळ्यात पक्कं कुलूप.

खुणा पाच-सहाच ठेवा. प्रत्येक खूण उपयोगी पडण्याच्या किमान दोन प्रकरणं आधी दिसली पाहिजे, तीही वाचकाचं लक्ष दुसरीकडे असताना. आपल्या घरांत यासाठी आयती सोय आहे ती भांड्यांवर घातलेल्या नावांची. तिसऱ्या प्रकरणात मुली पितळी डब्यातला चिवडा खातात, तो संपला म्हणून भांडतात. नवव्या प्रकरणात डबा घासताना त्यावरचं नाव वाचलं जातं, आणि त्या नावाचं घरात कोणीच नाही.

जादूला नियम किती असावेत? माझ्याकडे सतरा झाले आहेत. – एक वाचक, चिंचवड

चौदा काढून टाका. जादू केव्हा चालते, तिला काय जमत नाही आणि ती बदल्यात काय घेते, एवढे तीन पुरतात. यातला तिसरा बहुतेकजण विसरतात किंवा ‘तिला फार दमायला झालं’ एवढ्यावर भागवतात. दमणूक ही किंमत नव्हे. ती झोपून भरून निघते. किंमत मैत्रीतून वसूल व्हायला हवी. समजा, नायिका जादूच्या आरशात डोकावली की आजच्या दिवसातला एक तास तिच्या आठवणीतून पुसला जातो. मग मैत्रिणीने वही ठेवायची आणि रोज तिला वाचून दाखवायची. आता मैत्रिणीवाचून जादू वापरताच येत नाही. शिवाय वहीत काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे मैत्रिणीच्या हातात. तिथे भांडणाचं बी पडलं.

‘केव्हा’चा नियम चंद्रावर टांगला असेल तर चंद्र तपासा. अमावास्येच्या रात्री अंगणात चांदणं पसरल्याची हस्तलिखितं दर महिन्याला येतात! पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास वर येतो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात छापलेली असते आणि उपाशी आजी ती दहा वेळा बघते, हे आपल्या वाचकाला पाठ आहे. ह्याचा फायदा घ्या. चंद्रोदयाच्या आधीची दहा मिनिटं अख्खं घर गच्चीवर, माजघरात कोणी नाही. जादूला याहून सोयीची वेळ मिळणार नाही. आषाढ-श्रावणात ढग असतील, चंद्र दिसणारच नाही, तोही प्रसंग होतो.

आमच्याकडचा राखणदार कादंबरीत आणू का? तो मुलांना गुपित सांगतो असं योजलंय. – एक वाचक, पेडणे

आणा, पण त्याला बोलका करू नका. गोव्यात आणि सिंधुदुर्गात राखणदार किंवा देवचार हा सीमेचा रक्षक मानतात. त्याला रोट देतात, विडी ठेवतात. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत पोचवतो अशी श्रद्धा आहे. त्याचं काम वाट दाखवण्याचं, घरातल्या भानगडी सांगण्याचं नव्हे. अंधारात काठीचा आवाज आणि घोंगडीची कड एवढंच दिसू दे. तो मुलांना ज्या घरासमोर आणून सोडतो, ते घर कोणाचं हे त्यांनी शोधावं. मागितलेलं देणारा हरकाम्या नोकर त्याला केलात, तर गावातला वाचक पुस्तक मिटेल आणि ते बरोबरच असेल.

नायकाचा मित्र प्रत्येक प्रसंगात सोबत असतो, तरी संपादक म्हणतात तो दिसत नाही. – एक शिक्षक, चिपळूण

एक चाचणी करा. प्रत्येक प्रकरणातून त्याला वगळून बघा. प्रकरण तसंच उभं राहत असेल, तर तो मित्र नाही, दप्तर आहे. त्याला स्वतःचं एखादं निकडीचं काम द्या, ज्याचा गुपिताशी संबंध नाही: शाळा बदलणार आहे, बोट विकायला निघालीय, काहीही. अठरा प्रकरणं असतील तर बाराव्याच्या आसपास दोघांचं फाटावं, आणि दोघांचंही बरोबर असावं. एकाला वाटतं आजीला आता सांगून टाकावं, दुसऱ्याने न सांगण्याचा शब्द दिलाय. ‘सॉरी’ म्हणून दिलजमाई करू नका. एकाने दुसऱ्याचं अडलेलं काम न सांगता करून टाकावं. (नायक हुशार आणि मित्र खादाड, ही जोडी आता थोडी वर्षं विश्रांती घेऊ दे.)

पेटीत मोडी लिपीतलं पत्र सापडतं आणि मुलगा रात्रीत ते वाचतो. हे पटेल का? पत्र पणजीचं आहे, साल 1965. – एक वाचक, बडोदे

रात्रीत नाही पटणार. नवशिक्याला मोडीची मुळाक्षरं गिरवायलाच काही आठवडे जातात, आणि जुनं घाईचं हस्ताक्षर तक्त्यासारखं नसतं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ह्रस्व-दीर्घही सहसा पाळलेलं नसतं. ही अडचण म्हणजे तुमच्यासाठी घबाड आहे. काही अक्षरं देवनागरीशी जुळतात, तेवढी मुलांनी ओळखावीत, उरलेली जुने दस्त वाचणाऱ्या गावातल्या कोणाकडून लावून घ्यावीत, आणि शब्द तोडायचं काम पुन्हा मुलांवर यावं.

नमुना बघा: ‘मामालाकडेदे’. मुलं वाचतात, ‘मामा, लाकडे दे’. सरपणाची चिठ्ठी म्हणून बाजूला ठेवतात. सहा प्रकरणांनी मैत्रीण तीच अक्षरं वेगळी तोडते: ‘मामाला कडे दे’. सोन्याचं कडं! ते मामाला पोचलंच नाही, आणि भाऊबंदकी तिथून सुरू झाली. इथे जादूने फक्त पेटी उघडली. उलगडा मैत्रिणीने केला आणि तोही फक्त मराठीच्या जोरावर.

आता साल. शाळांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती, त्यामुळे 1922 च्या सुमारास जन्मलेल्या पणजोबांचं पत्र सहज पटतं. पणजीचंच हवं असेल तर ती मोडी कुठे शिकली, हे एका वाक्यात सांगा. आजचा अकरा वर्षांचा मुलगा, त्याचा बाप चाळिशीतला, आजोबा सत्तरीचे, ही बेरीज कागदावर करूनच पुढे जा. एक पिढी गळालेली हस्तलिखितं पुष्कळ असतात. पत्रावर शके असेल तर 78 मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी 79. म्हणजे शके 1867 चा कार्तिक हा 1945 मधला. 1 एप्रिल 1957 च्या आधी रुपयाचे 16 आणे आणि 64 पैसे, शंभर नव्हेत. पत्त्यात पिनकोड 15 ऑगस्ट 1972 नंतरच. 1965 च्या पाकिटावर सहा आकडे दिसले की चाणाक्ष पोरगं ते पाकीट बनावट ठरवेल. अर्थात ते खरोखर बनावट असेल, तर हीच तुमची उत्तम खूण!

कागद नाहीसे करायलाही खरं कारण शोधा. घर पुण्यात नदीकाठच्या पेठेत असेल तर 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर पुरेसा आहे. उलट घर टेकडीच्या चढावर आणि तरीही आजोबा म्हणतात ‘फोटो पुरात गेले’, तर मुलांना पुराच्या खुणा शोधायला लावा. पाणी तिथवर चढलंच नव्हतं, मग फोटो गेले कुठे?

संवाद वऱ्हाडीत, निवेदन प्रमाण भाषेत चालेल? – एक वाचक, अकोला

चालेल. फक्त मुलगा वऱ्हाडी आणि त्याचे डॉक्टर वडील प्रमाण भाषेत, असं वाटप करू नका. घर एक तर बोली एक.

लांबी किती? प्रकाशकाला काय पाठवायचं? – एक वाचक, नाशिक

128 पानं धरा. सोळा पानांचा फर्मा (एका तावावर एकत्र छापली जाणारी पानं), म्हणजे आठ फर्मे. सुरुवातीची आठ पानं आणि चित्रांची बारा वजा केली की 108 उरतात. मुलांसाठी 14 पॉइंटचा टाइप घेतला तर पानाला साधारण दोनशे शब्द, म्हणजे एकूण 21,600. अठरा प्रकरणं, प्रत्येकी बाराशे. एवढं प्रकरण मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. शाळेच्या तासात दोन बसतात आणि बडबडीला वेळ उरतो.

प्रकाशकाकडे पहिली तीन प्रकरणं आणि दोन पानांचा सारांश पाठवा. सारांशात गुपित उघड लिहा. ‘पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा’ असं लिहिलेला सारांश संपादकाच्या काही कामाचा नसतो. पाठवण्याआधी एखाद्या अकरा वर्षांच्या वाचकाला सहावं प्रकरण संपल्यावर थांबवा आणि विचारा, आजी काय लपवतेय? अचूक सांगितलं तर खुणा ढोबळ झाल्यात. काहीच सुचलं नाही तर त्या दिसल्याच नाहीत. ठासून चुकीचं सांगितलं तर प्रकरण सातला हात लावू नका.