मेगर, हाय-पॉट, सेकंडरी इंजेक्शन झालं. आता पॅनेल चार्ज करू का?

तुम्ही विचारलंय: ११ केव्हीच्या नव्या स्विचगिअर पॅनेलचं मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणं) आणि हाय-पॉट (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणं) पास झालं, रिलेचं (फॉल्ट ओळखून ब्रेकरला ट्रिप देणाऱ्या उपकरणाचं) सेकंडरी इंजेक्शनही (टेस्ट किटने थेट रिलेत करंट सोडणं) झालं, आता चार्ज करायला, म्हणजे ११ केव्ही सुरू करायला, हरकत आहे का, आणि केबलला किती केव्ही लावायचे?

हरकत आहे. प्रायमरी इंजेक्शन, म्हणजे मुख्य बसमधूनच करंट सोडून सीटीपासून (मोठा करंट लहान करून रिलेला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) रिलेपर्यंत सगळं तपासणं, झाल्याशिवाय पॅनेल चार्ज करू नका. 'सेकंडरी झालंय ना, मग प्रायमरी कशाला' हा युक्तिवाद मला मान्य नाही. केबलचं शेवटी सांगतो.

मेगरवर फार विसंबू नका. ५ केव्हीचा मेगर डीसी ५ केव्हीच लावतो. ११ केव्ही सिस्टिममध्ये फेज ते अर्थ ६.३५ केव्ही असतात आणि त्याचा पीक जवळपास ९ केव्ही. म्हणजे रोजच्या व्होल्टेजच्या पीकपर्यंतही मेगर पोहोचत नाही. ओल, धूळ, विसरलेलं अर्थिंग तो दाखवतो. पण बसबारपासून (पॅनेलमधल्या करंटच्या मुख्य पट्ट्यांपासून) काही मिलिमीटरवर पाना राहिला असेल तर तो गप्प बसेल. आकडा किती आला यापेक्षा तिन्ही फेजचे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते पाहा.

हाय-पॉट खरी परीक्षा घेतो. १२ केव्ही रेटिंगच्या पॅनेलला कारखान्यात २८ केव्ही, साइटवर त्याच्या ८० टक्के म्हणजे २२.४ केव्ही, १ मिनिट. एका फेजला लावताना बाकीचे दोन अर्थ. पण हा टेस्ट घेण्यासाठी पॅनेल मोडावं लागतं. पीटीची (व्होल्टेज कमी करून मीटरला देणाऱ्या पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरची) ट्रॉली बाहेर, लायटनिंग अरेस्टर सोडलेले, व्होल्टेज इंडिकेटर शॉर्ट, सीटीच्या सेकंडरी शॉर्ट करून अर्थ केलेल्या. टेस्ट संपल्यावर यातलं एक जरी तसंच राहिलं तरी पॅनेल चुकीच्या अवस्थेत चार्ज होतं.

सगळ्यात जास्त राहते ती सीटीची शॉर्टिंग लिंक, म्हणजे सेकंडरी शॉर्ट करणारी पट्टी. हाय-पॉटवाला ती सीटीच्या टर्मिनलवर लावतो आणि निघून जातो. मग रिलेवाला येऊन टेस्ट ब्लॉकमध्ये (सीटी आणि रिले यांच्यामधल्या टेस्टसाठीच्या जोडात) प्लग घालतो. प्लग आत गेला की सीटीची बाजू शॉर्ट होऊन वेगळी पडते आणि किटचा करंट थेट रिलेत जातो. पिकअप (रिले ज्या करंटला जागा होतो तो) बरोबर, टायमिंग बरोबर, ब्रेकरही ट्रिप होतो. रिपोर्टवर सही होते. लिंक मात्र जागच्या जागी. दोघांच्याही टेस्ट खऱ्या, तरी पॅनेल आंधळं, कारण सीटीपासून टेस्ट ब्लॉकपर्यंतची वायर कोणीच तपासलेली नाही.

आता फॉल्ट आला की सीटीचा करंट लिंकमधूनच फिरून परत जातो. लिंकचा रेझिस्टन्स मिलिओहममध्ये, रिलेकडच्या वायरचा त्याच्या कितीतरी पट. रिलेच्या वाट्याला नगण्य करंट येतो. मग मागचा ब्रेकर त्याच्या जास्तीच्या वेळेनंतर ट्रिप होतो आणि तेवढा वेळ आर्क पॅनेलमध्ये जळत राहतो. एकाच फेजची लिंक राहिली तर उलट होतं: लोड घेतला की तिघांची बेरीज शून्य येत नाही, आणि फॉल्ट नसताना अर्थ फॉल्ट रिले ट्रिप देतो. अशा वेळी सेटिंग वाढवून ब्रेकर पुन्हा लावणारे लोक आहेत. असं कधीही करू नका, आधी सीटीचं सर्किट तपासा.

प्रायमरीमध्ये करायचं एवढंच. ब्रेकर ऑन ठेवून बस आणि केबल बॉक्स यांच्यामधून करंट सोडा. सीटी ४००/१ असेल तर १०० अँपिअर पुरे: सेकंडरीत ०.२५ अँपिअर, रिलेच्या डिस्प्लेवर त्या फेजला १०० आणि न्यूट्रललाही (तिन्ही फेजची बेरीज) १००. मग आर आणि वाय फेज केबल बॉक्समध्ये जोडून दोन्हींतून एकच करंट फिरवा. न्यूट्रल शून्य आला तर दोघांची पोलॅरिटी जुळते. २०० आला तर एक सीटी उलटा आहे. बी फेज याच पद्धतीने. अर्थ फॉल्टचं सेटिंग १० टक्के असेल तर ४० अँपिअरलाच पिकअप होईल, म्हणून रीडिंग घेताना ट्रिप लिंक (रिलेचा ट्रिप ब्रेकरपर्यंत नेणारी) उघडी ठेवा. शेवटी ती लावून प्रायमरी करंटने एकदा खरा ट्रिप घ्या, म्हणजे तीही विसरली जाणार नाही.

लिंक काढण्याआधी पुढचं लूप बंद आहे ना, हे मीटरने मोजा. चालू करंटवर सीटी उघडा राहिला तर टर्मिनलवर हजारो व्होल्ट येतात. स्टार पॉइंटचं (तिन्ही सीटींच्या सेकंडरी जिथे एकत्र जोडतात त्याचं) अर्थ एकाच ठिकाणी असावं: ते सोडून ५०० व्होल्टच्या मेगरने बाकी सर्किट बघा, मग परत जोडा. आणि पीटी जागेवर असताना सेकंडरीला ११० व्होल्ट देऊन मीटर तपासू नका, प्रायमरीवर ११ केव्ही तयार होतात. आधी दोन्हीकडचे फ्यूज काढा.

केबल: नव्या ६.३५/११ केव्ही एक्सएलपीईला (प्लास्टिक इन्सुलेशनच्या केबलला) ०.१ हर्ट्झवर सुमारे १९ केव्ही, १५ मिनिटं, पॅनेलपासून सोडवून. ५० हर्ट्झवर एका किलोमीटरला (०.३ मायक्रोफॅरड धरून) पावणेदोन अँपिअरच्या आसपास चार्जिंग करंट लागतो, ०.१ हर्ट्झवर त्याचा ५००वा भाग, म्हणून ही कमी फ्रिक्वेन्सी. बाहेरच्या शीथला (आवरणाला) जाडीच्या दर मिलिमीटरला डीसी ४ केव्ही, जास्तीत जास्त १०, १ मिनिट. जुन्या एक्सएलपीईला डीसी हाय-पॉट लावू नका, आत अडकलेला चार्ज नंतर एसीवर केबल फोडतो. डीसी टेस्टनंतर टेस्टच्या चौपट वेळ अर्थ ठेवा.

हे आकडे नव्या मालाचे आहेत. तुमच्या पॅनेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअल ऐका. जुनं पॅनेल किंवा आधी टेस्ट झालेली केबल असेल तर व्होल्टेज कमी घ्यावं लागतं.

चार्ज करताना ब्रेकर दुरून लावा, लोड नसताना. दुसरा सोर्स असेल तर फेजिंग बघा: आर-आर शून्य, आर-वाय पूर्ण व्होल्टेज. मग थोडा लोड घेऊन रिलेवर तिन्ही करंट, त्यांचे अँगल आणि न्यूट्रल वाचून लिहून ठेवा. न्यूट्रल शून्याजवळ नसेल तर लोड वाढवू नका.