गोणपाट आणि इपॉक्सी वापरून पार्टिशनचं पॅनेल कार्यशाळेत कसं करावं?

जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा जवसाच्या धाग्यांचा मंडप पाहून, तसंच काही गोणपाटात करून घरातल्या पार्टिशनला लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय. पार्टिशन नक्की होईल. मात्र 2021 चा तो मंडप म्हणजे रोबोटने धागे गुंडाळून केलेला, भार पेलणारा सांगाडा आहे, आणि पाऊस-उन्हापासून वाचवायला त्यावरही पॉलिकार्बोनेटचं आवरण आहे. हाताने थर देऊन केलेल्या पॅनेलवर भार टाकू नका आणि ते उघड्यावर लावू नका. जवस आपल्याकडे पिकतं ते तेलासाठी, धाग्याच्या जाती वेगळ्या. म्हणून ताग.

एक चौरस मीटरचा हिशेब असा. 300 ग्रॅम प्रति चौ. मी. वजनाच्या गोणपाटाचे चार थर म्हणजे 1.2 किलो ताग. त्याला इपॉक्सीचं, म्हणजे रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर यांचं, साधारण 2.5 किलो मिश्रण लागतं. एलवाय 556 रेझिन आणि एचवाय 951 हार्डनर वजनाने 10:1 घेतात, म्हणजे 2.3 किलोला 230 ग्रॅम. जाडी सुमारे 3 मिमी भरते. मोजणी वजनकाट्यावरच करा. हार्डनर जास्त घातला तर लवकर कडक होईल हा समज चुकीचा आहे, त्याने पॅनेल कमकुवत होतं.

बहुतेक पॅनेलं बिघडतात ती साच्यावर जाण्याआधीच. ताग कातताना त्याला तेल लावतात. ते कापडात राहिलं तर रेझिन धरत नाही. त्यामुळे आधी गरम पाणी आणि साबणाने धुवा, मग 15 लिटर पाण्यात 750 ग्रॅम कॉस्टिक सोडा (5 टक्के) घालून तासभर भिजवा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच, भांडं प्लास्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं तर हायड्रोजन सुटतो. द्रावण याहून तीव्र केलं तर धागाच कमजोर होतो. नंतर भरपूर पाण्याने खळखळून धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला आणि सोडा उरला नाही ना, ते लिटमस कागदाने तपासा. कापड आटतं, म्हणून तुकडे यानंतरच कापा.

आता वाळवणं, आणि इथे अजिबात घाई नको. हाताला कोरडा लागणारा ताग हवेतून 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून असतो. म्हणजे तुमच्या चार थरांत जवळजवळ दीडशे मिली पाणी आहे! पॅनेलमधले पांढुरके डाग, बुडबुडे, पुढे थर सुटणं यामागे बहुधा हेच असतं. 100 अंशांच्या भट्टीत तीन-चार तास ठेवा, मधून मधून वजन करा, वजन उतरायचं थांबलं की काढा आणि लगेच थर द्यायला घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात तर तासाभराचाही उशीर महागात पडतो.

साचा म्हणून काच किंवा लॅमिनेट लावलेलं प्लायवुड घ्या, त्यावर मेणाचे तीन हात. मिश्रण एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका, कालवलं की पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात ते स्वतःच्या उष्णतेनेच तापून गोठतं. आधी साच्यावर रेझिन, मग कापड, मग रोलर. कापडाचा रंग सगळीकडे सारखा गडद झाला की ते नीट भिजलं. बाहेरचे दोन थर एका दिशेने, आतले दोन 90 अंशांत फिरवून ठेवा. मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी नसेल तर पॅनेल पिळवटतं. वर मेण लावलेली दुसरी फळी आणि सारखं वजन ठेवा. 24 तासांनी काढून 70 अंशांवर तीन-चार तास शेकवा.

कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं यांना रेझिनचे दोन हात द्या. उघड्या टोकातून पाणी धाग्यात चढतं आणि कड फुगते. पॅनेल लवचिक वाटलं तर थर वाढवत बसण्यापेक्षा दोन-दोन थरांच्या मधे कॉर्कची शीट घाला. जाडी दुप्पट झाली की वाकण्याविरुद्धचा ताठपणा कित्येक पट होतो, आणि रेझिनही वाचतं.

ग्राहकाला हे पॅनेल ‘निसर्गात विरघळणारं’ म्हणून देऊ नका. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग इपॉक्सी आहे, ते कुजत नाही आणि वितळवून पुन्हा वापरता येत नाही. शिवाय ते जळतं, त्यामुळे स्वयंपाकघर आणि जिन्याजवळ नको. शाळा, दुकान, ऑफिस असेल तर आगीची चाचणी झाल्याशिवाय लावू नका.