खान्देशात राहून पूर्णवेळ चित्रकार म्हणून काम करताना प्रेरणा कुठून मिळते? रंगसामान तिथेच मिळतं का? अलीकडे प्रदर्शन कुठे केलंत?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या बाबतीत एकमेकांत गुंतलेलं आहे, त्यामुळे क्रम थोडा पुढेमागे होईल.

माझा स्टुडिओ म्हणजे जळगावात घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, आत किती असतील ते मोजायची हिंमत मी कधी केली नाही. ॲक्रिलिक रंग ब्रश उचलेपर्यंत पॅलेटवरच वाळून जातो. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे चार ते आठ एवढंच काम करतो. मुंबईतल्या एका ग्रुप शोमध्ये कुणीतरी माझ्या चित्रांतल्या उजेडाला ‘चिंतनशील’ म्हटलं होतं. मी मान डोलावली. पत्र्याचं कारण सांगितलं नाही.

सामानाचं म्हणाल तर शाळेच्या परीक्षांना लागतात तेवढे रंग आणि कागद इथे कुठेही मिळतात. चांगल्या दर्जाचा कोबाल्ट, कॅडमियम, जाड कॉटन पेपर मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो, आणि एकदा ट्यूबचा भाव पाहिला की माणूस आपोआप काटकसरी रंगसंगतीकडे वळतो. गेरू, पिवडी म्हणजे पिवळी माती आणि खडूची पूड मात्र मी गावातच घेतो. कॅनव्हासऐवजी बऱ्याचदा मांजरपाट वापरतो. दुकानदार मला अजूनही गादीवाला समजतो.

दुकानातला गेरू तसाच वापरलात तर चित्रावर वाळू फिरवल्यासारखं वाटेल. तो कुटून पाण्यात ढवळायचा, मिनिटभर थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. खडा तळाशी राहतो. ते गढूळ पाणी रात्रभर ठेवलं की सकाळी खाली लोण्यासारखा थर बसलेला असतो. बाभळीचा डिंक भिजवून फडक्यातून गाळायचा, त्यात थेंबभर मध घालायचा आणि या थरात घोटायचा. डिंक जास्त झाला तर रंगाला भेगा पडतात, कमी झाला तर बोटाला लागतो. माप मला आजही तोंडी सांगता येत नाही, कागदाच्या कपट्यावर लावून बघावंच लागतं.

हा काही माझा शोध नाही. अजिंठा लेण्यांजवळचं फर्दापूर आमच्यापासून साठेक किलोमीटर. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबडी, पिवळी, हिरवी माती, चुना आणि काजळी यांवरच बहुतेक काम भागवलं. लाजवर्द या दगडाचा निळा तेवढा दूर अफगाणिस्तानाकडून आलेला, आणि तो त्यांनी जपून वापरलाय. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीपुढे लोक त्याच्या डोळ्यांकडे बघतात, मी आधी निळा कुठे कुठे खर्च केलाय ते बघतो. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घरही जरूर बघा. १९८९ साली ते गेले. आयुष्याचा मोठा भाग त्या घराबाहेर जवळजवळ न पडता त्यांनी टेबलावर हाताशी असलेल्या वस्तू मांडून असे फोटो काढले की समोर खरा देखावाच आहे असं वाटावं.

आता माझ्या अलीकडच्या कामाबद्दल. केळी कापणाऱ्या मजुरांचे सदरे तुम्ही नीट पाहिलेत का? केळीचा चीक कपड्यावर पडताना पाण्यासारखा दिसतो, मग हळूहळू तपकिरी होतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. दोन वर्षांपूर्वी एका बागेत माझाच नवा शर्ट असा वाया गेला. बायको चिडली, पण माझ्या डोक्यात आलं की ही तर फुकटची शाई आहे. कापलेल्या दांड्याचा चीक बाटलीत धरायचा आणि बोरूने कागदावर काढायचं. काढताना रेघ धड दिसतही नाही, ती नंतर उमटत जाते. खोडता येत नाही. उन्हात किती टिकेल याची खात्री मी देत नाही, घेणाऱ्याला तसं आधीच सांगतो.

अशी चौदा चित्रं झाली, सगळी सदऱ्यांची. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीला एकट्याच्या प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. दुसऱ्या एका गॅलरीतून माझी दोन फ्रेम केलेली चित्रं काच फुटून परत आली होती आणि कुणी फोनसुद्धा उचलला नव्हता. मग गेल्या हिवाळ्यात चोपडा तालुक्यातल्या एका गावात केळीच्या रिकाम्या वखारीतच प्रदर्शन लावलं. सुतळीवर चिमट्यांनी चित्रं टांगली. तीन दिवसांत जेवढी माणसं आली तेवढी मी मुंबईत आठवड्यात पाहिलेली नाहीत. निम्मी अर्थात सावलीला आली होती.

त्यातला एक कापणीवाला एका चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. मी खुशीत जवळ गेलो. तो म्हणाला, “घड मी डावा खांदवर लेस, भाऊ. तुमना डाग उजवा शे.” खरं होतं. मांडणी छान दिसते म्हणून मी डाग उजवीकडे घेतला होता, आणि चीक तर खोडता येत नाही. ते चित्र विकायचं नाही असं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. ते आता स्टुडिओत दारासमोरच लावलंय.

बाकीच्यांतली तीन गेली. एक शाळेतल्या बाईंनी घेतलं, एक नाशिकच्या पाहुण्यांनी. तिसरं त्याच गावातल्या एका शेतकऱ्याने आधी भिंतीचं माप घेऊन मग निवडलं. तेव्हा बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचे भाव पडलेले होते. अर्धे पैसे तिथेच दिले, उरलेले बाग कापली की देतो म्हणाले. फेब्रुवारीत घरी येऊन दिले, सोबत दोन फण्या केळीही.