नव्या संघासाठी ‘रीफस्केप’ किती अवघड होता?

चिरंजीव मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शाळेचा संघ फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये, म्हणजे शाळकरी संघांनी स्वतः रोबो बनवून खेळायच्या स्पर्धेत, प्रथमच उतरणार आहे आणि सरावासाठी २०२५ चा ‘रीफस्केप’ हा खेळ अभ्यासताना तुम्हा सर्वांचा धीर सुटला, असे तू लिहिले आहेस. हा खेळ नव्या संघांना अवघड होता, हे मी नाकारत नाही. मात्र नवा संघ त्यात अडतो ते तुम्हाला वाटते त्या जागी नव्हे.

तुमची नजर थेट ‘रीफ’ या फांद्यांच्या उभ्या रचनेच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या, लेव्हलवर गेली, कारण चालक रोबो चालवत असताना तिथे पीव्हीसी पाइपचा तुकडा, म्हणजे ‘कोरल’, बसवला की ५ गुण मिळत आणि सर्वांत खालच्या लेव्हलवर केवळ २. परंतु ती वरची फांदी सुमारे ६ फूट उंचीवर होती. तिथवर पोहोचायला एलिव्हेटर, म्हणजे वर सरकणारी उचल-यंत्रणा, लागतो, पाइप नेमक्या कोनात धरणारी यंत्रणा लागते, आणि एलिव्हेटर वर असताना रोबोचा तोल सांभाळावा लागतो. पहिल्याच वर्षी हे सारे उभारू पाहणाऱ्या संघाचा वेळ जोडणीतच संपतो आणि चालकाच्या हाती रोबो येतो तो स्पर्धेच्या तोंडावर. खरी अडचण ही आहे.

आता रँकिंग पॉइंटचे, म्हणजे सामन्याच्या गुणांव्यतिरिक्त संघाचा क्रम ठरवणाऱ्या पॉइंटचे, नियम पुन्हा वाच. ‘रीफस्केप’मध्ये पहिल्या १५ सेकंदांत रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालत असे. त्या वेळात अलायन्सच्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तीन संघांच्या गटाच्या, तिन्ही रोबोंनी सुरुवातीची रेषा सोडली आणि त्यांच्यापैकी कुणीही एक कोरल बसवला, की तिन्ही संघांना एक पॉइंट मिळे. म्हणजे तुमचा रोबो नुसता पुढे सरकला नाही, तरी अनुभवी जोडीदारांचीही संधी हुकली असती. दुसरा पॉइंट कोरलचा होता आणि त्यासाठी चारही लेव्हलवर ठरावीक संख्या भरावी लागे. दोन्ही अलायन्सनी प्रोसेसर नावाच्या खिडकीत ‘अल्गी’ म्हणवले जाणारे पुरेसे चेंडू टाकले, तर तीन लेव्हल पुरत. वरच्या फांद्यांमागे धावणारे मातब्बर संघ खालच्या लेव्हलवर वेळ घालवायला सहसा नाखूश असतात, म्हणून ती लेव्हल विश्वासाने भरणारा साधा रोबो त्यांना हवाहवासा वाटतो. नव्या संघांना मिळणाऱ्या साहित्यातून बनणारा किटबॉट नेमके हेच काम करू शकत होता.

शेवटच्या टप्प्याचा हिशेब मला सर्वांत बोलका वाटतो. मैदानावर टांगलेल्या पिंजऱ्यांपैकी खोल पिंजऱ्याला लटकण्याचे १२ गुण आणि त्या जागेखाली नुसते जाऊन थांबण्याचे २, मिळून १४. हंगामाच्या सुरुवातीच्या नियमांत या टप्प्याच्या रँकिंग पॉइंटसाठी अलायन्सला इतकेच गुण हवे होते. जोडीदार लटकला आणि तुम्ही वेळेवर जागेवर पोहोचलात, तर काम झाले. म्हणूनच दुसरी यंत्रणा बनवायला वेळ उरलाच, तर मी एलिव्हेटरआधी लटकण्याची यंत्रणा निवडेन. चौथ्या लेव्हलवरच्या दोन कोरलपेक्षा लटकण्याचे गुण जास्त आहेत. अल्गीच्या बाबतीत मात्र सावध राहा: प्रोसेसरमध्ये चेंडू टाकल्यास तुम्हाला ६ गुण मिळत, पण तो चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाडूच्या हाती जाई आणि त्याने तो जाळ्यात अचूक फेकला तर त्यांना ४.

टेक्सासमधील रोबोनॉट्स, म्हणजे ११८ क्रमांकाचा संघ, मोजक्या साधनांत बनवता येईल असा ‘एव्हरीबॉट’ दरवर्षी सर्वांसाठी खुला करतो. त्याचे आराखडे पाहा. तसा रोबो बनवण्यात कमीपणा मुळीच नाही. चाके चार असोत की सहा, ती साधीच ठेवा; स्वर्व्हचा, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवणाऱ्या रचनेचा, मोह यंदा टाळा, कारण त्यात चारपैकी प्रत्येक चाकाला चालवायला एक आणि वळवायला एक, अशा आठ मोटारी आणि त्यांचा सारा कोड सांभाळावा लागतो.

जानेवारीत नवा खेळ जाहीर झाला की पहिल्या बैठकीत गुणांचा तक्ता बाजूला ठेवून आधी रँकिंग पॉइंटचे नियम मोठ्याने वाचा आणि आपण काय करणार नाही, त्याची यादी करा. ती यादी मला पाठव, आणि चालकाच्या सरावासाठी किती दिवस राखले आहेत, तेही तिच्याखाली लिही.

तुझा,
मार्गदर्शक काका