अपघातातील रुग्णाची खाटेजवळ केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली, तर सीटी स्कॅन टाळता येतो का?

केवळ तेवढ्यावर टाळता येत नाही. मात्र हा प्रश्न वाचून एक जुनी रात्र पुन्हा डोळ्यांसमोर आली, म्हणून सविस्तर लिहितो.

मराठवाड्यातील एका रुग्णालयात मी अपघात विभागात रात्रपाळीला होतो. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेल्या एका तरुण ऊसतोड मजुराला आणले. अंगावर मोठी जखम नव्हती, वरचा रक्तदाब ११० होता; परंतु नाडी १३० आणि तळहात थंडगार. त्याची बायको सारखी विचारत होती, “साहेब, पाणी मागायलेत, द्यावं का?” ती तहान रक्तस्रावाची आहे, हे मला कळत होते. सोनोग्राफीचे यंत्र दुसऱ्या मजल्यावर कुलपात होते आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे ते खोलीबाहेर येणार नाही, रेडिओलॉजिस्टशिवाय कोणी त्याला हात लावणार नाही, असे वरिष्ठांनी फोनवर सांगितले. रेडिओलॉजिस्ट येऊन रुग्णाला वर नेईपर्यंत ४० मिनिटे गेली. सोनोग्राफीचा प्रोब (पोटावर फिरवायचा भाग) ठेवताच यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मध्ये रुंद काळी पट्टी, म्हणजे साचलेले रक्त, दिसली. शस्त्रक्रियागृहाच्या दारातच तो गेला.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. १९९४ च्या त्या कायद्याचा कडकपणा मला पूर्ण मान्य आहे. पण अपघात विभागासाठी रीतसर नोंदणी केलेले यंत्र आणि प्रशिक्षित डॉक्टर ठेवण्याची तसदी न घेता कायद्याकडे बोट दाखवणे मला आजही मान्य नाही. यकृताचा बारकाईने अहवाल द्यायचा नसतो. यकृताजवळ, प्लीहेजवळ, ओटीपोटात आणि हृदयाभोवती रक्त आहे की नाही, एवढेच पाहायचे असते, आणि ते सलाईन लावता लावता पाहून होते.

रक्त दिसले आणि रक्तदाब ढासळत असेल, तर सीटीसाठी थांबू नये, थेट शस्त्रक्रियेला न्यावे. रुग्ण स्थिर असेल, तर सीटी करावा. सुमारे २०० मिलिलिटरपेक्षा कमी रक्त सोनोग्राफीत बहुधा नजरेतून सुटते, पोटाच्या मागच्या भागातील रक्तस्राव आणि फाटलेले आतडेही सुटू शकते. म्हणून नाडी वाढत असल्यास तपासणी पुन्हा करावी. आणि यकृताच्या आजाराने पोटात आधीच पाणी साचलेले असेल, तर तेही असेच काळे दिसते.